चौफुली

साक्रीच्या पुढे, कान नदी ओलांडून,
डांबर जिथे संपतं आणि नुसती खडी उरते,
तिथल्या माळावर आमचे दोन तंबू.
खाटेवर नकाशा, चार कोपऱ्यांवर चार दगड.
त्यातल्या एकावर हिरवा डाग.
विहीर खोदताना निघाला तो,
वेडू गवळ्यानं साखरेच्या पिशवीत घालून आणला होता.
एवढ्याशा डागासाठी हे सगळं.

नागपूरहून मंजूर झालेली भोकं एकोणपन्नास.
सात सत्ते. साहेबांना पाढा आवडतो.
शंभर मीटरवर खुंटी, पुन्हा शंभरवर,
उभी, आडवी,
जसं काही खालचं तांबं
चौकटीच्या वहीत वाढलंय.

रात्री बॅटरीच्या उजेडात मी पुठ्ठ्याचा एक मसूरदाणा कापला:
सव्वाशे मीटर लांब, तीस रुंद,
नकाशाच्या मापात नखाएवढा.
डोळे मिटून टाकला जाळीवर. शंभर वेळा.
एकाहत्तर वेळा तो खुंट्यांच्या मधे पडला,
अलगद, कुणाला न शिवता,
वर्गात मागच्या बाकावर बसणाऱ्या पोरासारखा.

सकाळी कौतिकबाई खुंट्यांचा भारा घ्यायला आली.
नकाशाकडे बघितलं, डोक्यावरची चुंबळ नीट केली.
"चौफुली आम्हू लावतस,
कोळपं दोन्ही आंगे चालाले पाहिजे म्हनीसन.
तुमनं कोळपं कोनतं?"

मी चहा ओतत राहिले. कपातून बशीत, बशीतून खाली.

माळावरून काळी भिंत जाते, पूर्व-पश्चिम,
एका गावच्या शिवेतून दुसऱ्या गावच्या शिवेत,
माणसानं न बांधलेली.
जमीन फाटली तेव्हा खालून चढलेला रस,
फटीतच थिजलेला.
तांबं आलं असेल तर तिच्याच अंगाला धरून आलं असेल.
पुस्तकात तिच्या दिशेला नतिलंब म्हणतात,
कौतिकबाई म्हणते, भीतनी वाट.

मग मी चौकोन मोडला.
भिंतीला काटकोनात सात रांगा,
रांगेत खुंटी दर पंचवीस मीटरवर,
आणि एकाआड एक रांग साडेबारा मीटर सरकवली,
भिंतीच्या विटांचे सांधे जसे एकावर एक येऊ देत नाहीत.
पुठ्ठा भिंतीच्या वाटेनं ठेवून बघितला.
कुठेही ठेवा, कुठल्यातरी खुंटीला अडकतोच.

पण भोकं तेवढीच, एकोणपन्नास.
जाळं घट्ट विणलं की लहान होतं.
भिंतीलगतची पट्टी हाती आली,
बाकीचा माळ हातातून गेला:
करवंदीची जाळी, मेंढरांची वाट,
आणि वेडूची ती विहीर सुद्धा,
पट्टीच्या बाहेर, अडीचशे मीटर.

"दगड विहिरीतला, आणि विहीरच सोडली?"
फोनवर साहेब.
मी म्हटलं, दगड वाहत येतो, भिंत येत नाही.
हे मला खात्रीनं माहीत होतं असं नाही.

सत्तावीस दिवस यंत्र घरघरलं.
काळा, काळा, राखी, काळा.
एकतिसाव्या भोकात पांढरे स्फटिक,
कापसाच्या बोंडासारखे फुटलेले,
पोरांनी ते वाटून घेतले.
हिरवं नाही.

अहवाल लिहायला बसले.
"खनिज नाही" एवढं लिहून शाई वाळू देत होते,
कौतिकबाई दारातून म्हणाली, वाचता येत नसताना:
"काय लिखं? नही शे?
नही शे अस नको लिखू.
आमले नही दिसनं, अस लिख."

खोडलं.
"या रांगांत, या अंतरावर, आढळलं नाही."
साहेबांना ते वाक्य लांब वाटलं.

निघताना खुंट्या मोजल्या, त्रेचाळीस.
चार चुलीत गेल्या असणार.
एकीला शेळी बांधलेली होती, तिला मी हात लावला नाही.
आणि एक विहिरीच्या काठावर ठोकलेली दिसली,
जिथे माझी एकही रांग जात नव्हती.